गोलाई कुणी मोजून ठेवली?

पेणपासून रोह्यापर्यंत हळद असो की गणपतीची मिरवणूक, बेंजो वाजल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. आता बेंजोच्या जोडीला कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, कुठे कुठे इलेक्ट्रिक गिटारही दिसते. रोह्यातल्या एका बेंजो वाजवणाऱ्या तरुणाने नुकतीच जुनी गिटार घेतली. त्याने मला विचारलं, “चाचा, हिची पट्टी मधे फुगलेली का आहे? आपल्या बेंजोची तर सपाट असते.” हा प्रश्न लाकडाच्या मिलिमीटरभर उंचीचा वाटतो, पण त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपलाही एक वाटा आहे.

आधी बेंजोचं बघू. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो मुळात बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंगाचं मूळ जपानमध्ये. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘तैशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं. टायपरायटरसारखी बटणं दाबायची, बटण खालच्या पट्टीवर तार दाबतं आणि सूर निघतो. बटण सरळ खाली येतं, सगळ्या तारांवर एकसारखं पडतं. म्हणून पट्टी सपाटच हवी. इथे तारेला बोट लागत नाही, त्यामुळे बोटाच्या सोयीचा विचार करावा लागत नाही.

गिटारमध्ये तार बोटाने दाबायची असते. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या तर किंचित फुगीर पट्टी हाताला बरी वाटते. हा फुगवटा त्रिज्येत मोजतात. पट्टीची गोलाई एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे असं धरा. वर्तुळ लहान तर गोलाई जास्त, वर्तुळ मोठं तर गोलाई कमी. बांगडीचा तुकडा आणि बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा शेजारी ठेवले की फरक कळतो.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास सबंध लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. टेलिकास्टर आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर यांची त्रिज्या ७.२५ इंच, म्हणजे साधारण १८४ मिलिमीटर. मिशिगनमधल्या गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल गिटार काढली, तिची त्रिज्या १२ इंच, म्हणजे ३०५ मिलिमीटर. पट्टी ४२ मिलिमीटर रुंद धरली तर फेंडरचा मधला भाग कडेपेक्षा सुमारे १.२ मिलिमीटर उंच येतो, गिब्सनचा फक्त ०.७. अर्ध्या मिलिमीटरचाच फरक, पण बोटाला लगेच कळतो.

फेंडरच्या गोलाईची एक अडचण होती. बारीक तार दाबून आडवी ओढली, म्हणजे सूर चढवला, की ती कडेकडून मधल्या उंचवट्याकडे सरकते. तिथे ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि आवाज मधेच गुदमरतो. सूर ओढून वाजवणारे वाढले तशी मागणी बदलली. १९८० च्या दशकात फेंडरने आपल्या मुख्य गिटारी ९.५ इंचांवर आणल्या. आज तर डोक्याकडे जास्त गोल आणि खाली सपाट होत जाणाऱ्या पट्ट्याही मिळतात. वाजवणाऱ्याची गरज बदलली, लाकूड बदललं.

पण तार ओढून सूर चढवणं आपल्याकडे नवीन आहे का? सतारीत यालाच मींड म्हणतात, आणि ती एकाच पडद्यावर चार-पाच स्वरांपर्यंत जाते. त्यासाठी सतारीचे पडदे कमानीसारखे वाकवलेले असतात. कमानीखालून तरफेच्या तारा जातात, वरून बाजाची तार आडवी ओढता येते. पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने सरकवताही येतात. फेंडरला जो प्रश्न पडला, तो सतार करणाऱ्यांनी फार आधी वेगळ्या पद्धतीने सोडवला होता.

महाराष्ट्रात हे काम सर्वात नावाजलं ते मिरजेत. तिथले शिकलगार मूळचे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजांची सत्ता आल्यावर शस्त्रांचं काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांचं काम हातात घेतलं, आणि पुढे ते घराण्याचं झालं. पात्याची धार बोटाने ओळखणारा हात पडद्याची कमान आणि घोडीची जवारी ओळखू लागला. सोलापूर भागातले भोपळे मिरजेत आले, त्यांचे तंबोरे आणि सतारी होऊन देशभर गेल्या. अनेक कुटुंबांचं आडनावच ‘सतारमेकर’ झालं.

याच मिरजेत किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. १९३७ मध्ये ते वारले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात आहे. तिथल्या उरुसात आजही त्यांच्या नावाने संगीतसभा भरते. खाँसाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि असायलाच हवं. पण गवय्याच्या मागे जो तंबोरा वाजतो, त्याची घोडी घासणाऱ्याचं नाव मैफलीच्या पत्रिकेवर कधी छापलं जातं का?

मला इथे फरक दिसतो. जुन्या फेंडर-गिब्सनच्या प्रत्येक सालाची मापं अमेरिकेत छापून ठेवली आहेत. त्रिज्या किती, फ्रेट केवढा, १९५९ च्या सुमाराला शिसवाची जाड पट्टी कधी आली आणि १९६२ मध्ये ती पातळ, खालून गोल कधी झाली, हे तिथला छंदिष्टही सांगतो. त्यामुळे साधी कारखान्यातली गिटारही इतिहासाची वस्तू झाली. आपल्याकडे कमानीचं माप बापाच्या हातातून मुलाच्या हातात जातं. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला की ते माप थांबतं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा पिशवीत मावू लागल्यापासून हे थांबणं जवळ आलं आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. मानांकन गावाचं नाव राखतं. कारागिराचं नाव आणि त्याच्या हाताचं माप मात्र आपणच राखायला हवं. मराठी संस्कृतीत मुसलमानांचा वाटा काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. भाषणाने त्याचं उत्तर देण्यापेक्षा असल्या नोंदी दाखवणं मला जास्त पटतं.

पेण, रोहा किंवा कुठेही, घरात जुनी सतार, तंबोरा, बुलबुलतरंग पडून असेल तर विकण्याआधी एवढं करा. पडद्यावर किंवा पट्टीवर सरळ फूटपट्टी आडवी धरा, कडेला राहिलेली फट आणि पूर्ण रुंदी मोजा. आतला शिक्का, गाव, साल वाचा. कुणाकडून, कधी घेतलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि हे सगळं वहीत लिहा. पाच ओळी पुरतात.