समूह-अंदाज आणि आपली कृष्णा

खात्याने पाऊस सांगितला की ऊन पडतं, ही चेष्टा आपण सगळ्यांनीच केलेली आहे. पण तो अंदाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तो कसा बदलत गेला, ते आज सांगते. कृष्णाकाठी माणसं-जनावरं कधी हलवायची, हे त्यावरच ठरतं.

१९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित करत होते. तेच गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी कागदावर छापलेला ०.५०६ हा आकडा घातला. कॉफी पिऊन येऊन बघतात, तर पुढचं हवामान पार वेगळं! विरजणाचंच बघा ना. दूध जरा जास्त कोमट राहिलं, तर सकाळी दह्याची तऱ्हा निराळी. आणि समुद्रावरची, डोंगरावरची हवा तर शेवटच्या आकड्यापर्यंत कुणालाच मोजता येत नाही. मग एकाच उत्तरावर विसंबायचं कसं?

म्हणून सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा करायचं ठरलं. याला एन्सेम्बल, म्हणजे समूह-अंदाज म्हणतात. युरोप-अमेरिकेत हे १९९२ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे १ जून २०१८ ला पुण्याची उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि नोएडाचं केंद्र यांच्या दोन यंत्रणा सुरू झाल्या. प्रत्येकीचे वीसच्या वर, मिळून चाळीसच्या वर अंदाज. समजा त्यातले ३५ अतिवृष्टी दाखवतात, तर धोका मोठा. पाचच दाखवत असतील, तर कमी. पण कमी म्हणजे नाहीच, असं नव्हे.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली, त्यात बायका-लेकरं गेली. बोट लागते ती पाणी चढल्यावर. त्याआधी तीच वाट पायी नाहीतर ट्रॅक्टरने होते.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. त्या दोन यंत्रणा मुलूख १२ किलोमीटरच्या चौकोनांत बघत होत्या. घाटात तर एका डोंगराआड पाऊस बदलतो. त्यामुळे कोणत्या वाडीवर दरड येणार, हे त्यातून कळत नाही. डोंगराला भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, हे वाडीतल्या बाईलाच आधी दिसतं.

सांगलीकडच्या गटांसाठी मात्र वेगळं. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिकडचं पाणी आपल्याकडे मागाहून पोचतं. म्हणून पलूस, वाळवा, मिरजेच्या बायकांनी मोबाईलवर साताऱ्याचा इशाराही बघायचा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा: बियाणं, रेशनकार्ड, गटाचं दप्तर उंचावर ठेवायचं. रेड दिसला की धरणातून किती पाणी सुटतंय ते तलाठ्यांना, ग्रामपंचायतीला लगेच विचारायचं, आपल्या दारात ऊन पडलेलं असलं तरी.