तणनाशक, पाणगोगलगाय आणि जनावराचे यकृत

सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडणारी शंखी गोगलगाय इथे अभिप्रेत नाही. विषय आहे तो परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पाझर, पूर्णा-दुधनेकाठची डबकी, गावतळी अशा ठिकाणच्या छोट्या पाणगोगलगायींचा. लिम्निया गुराम्हशींचा यकृतकृमी वाहते. इंडोप्लॅनॉर्बिस वाहते तो बैलाच्या नाकात घर करून त्याला घोरायला लावणारा रक्तकृमी.

तणनाशकाने ही गोगलगाय मरते का, हा प्रश्न सोपा आणि फारसा उपयोगाचा नाही. मात्रा वाढवत नेली की मरतेच. शेतातून वाहून आलेल्या पाण्यातली मात्रा बहुधा त्याहून पुष्कळ कमी असते. तेवढ्या मात्रेत गोगलगाईतून बाहेर पडणाऱ्या कृमींच्या अळ्या वाढतात की घटतात, हे पाहायचे.

वाट शेवाळातून जाते. उसात, मक्यात वापरले जाणारे ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषण अडवते. पाण्यात तरंगणारे शेवाळ मरते, पाणी निवळते, तळापर्यंत ऊन पोहोचते आणि दगडाला धरणारे शेवाळ, म्हणजे गोगलगाईचे खाद्य, फोफावते. जेसन रोर व सहकाऱ्यांनी 2008 साली ‘नेचर’मध्ये हीच साखळी मांडली. मिनेसोटातल्या पाणथळींमधील बेडकांत गोगलगाईतूनच येणारे चपटे कृमी कुठे कमी, कुठे जास्त. यातला 74 टक्के फरक ॲट्राझिन आणि फॉस्फेट या दोहोंनी उलगडला. फॉस्फेट शेवाळाचे खत. डीएपी टाकणाऱ्या शिवारात ते मुद्दाम आणावे लागत नाही.

तरी हा निष्कर्ष परभणीला जसाच्या तसा लावू नये. इथला खरीप मुख्यतः सोयाबीन-कापसाचा. सोयाबीनमधले इमॅझेथापायर प्रकाशसंश्लेषणावर थेट घाव घालत नाही. ते वनस्पतीत काही अमिनो आम्ले तयार होऊ देत नाही. शिवाय लागण झालेल्या गोगलगाईची अंडी घालण्याची क्षमता कृमीने बहुधा आधीच हिरावलेली असते. म्हणून अंडी घटवणारी मात्रा पुढची पिढी कमी करील, आजच्या अळ्या नाही. पाण्यात सुटलेली अळी मात्र काही खात नाही, साठ्यावर एखाददोन दिवस तगते. विषाने तेवढेही आयुष्य आखडले तर लागण घटू शकते. कीटकनाशकाचा परिणाम उलटा: हॅलस्टेड व सहकाऱ्यांच्या 2018च्या प्रयोगात क्लोरपायरिफॉसने गोगलगायी खाणारे जलचर मारले आणि गोगलगायी वाढल्या.

तेव्हा मेलेले शंख मोजून भागत नाही. जिवंत गोगलगायी एकेक करून पाणी भरलेल्या काचेच्या नळीत, उजेडात ठेवाव्यात आणि सुटलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्यात. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. हे काम दोघांनी मिळून करण्याजोगे आहे. आणि मोजणी फवारणीच्या आठवड्यापुरती नको. पावसाळा सरून डबकी आटू लागली, म्हशी काठच्या हिरव्या गवतावर उतरल्या, तेव्हाही ती हवी. यकृतकृमीच्या अळ्या त्याच गवतावर कोष करून बसतात.