ओबी : जपानी बायकांचा पट्टा

जपानी बायका किमोनोवर कमरेला ओबी बांधतात. आधी तो अरुंद होता. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 मध्ये, तो वाढत वाढत वीतभराहून रुंद आणि चार मीटर लांब झाला. आपल्या नऊवारीच्या जवळपास निम्मा! श्रीमंती दिसली, पण सोसायचं बाईच्या कमरेनं.

आम्हा शिवणकाम करणाऱ्यांना पुढची गोष्ट आवडली. नागोया शहरात मुलींची शाळा काढणाऱ्या कोशिहारा हारुको यांनी 1920 च्या सुमारास कमरेभोवती येणारा भाग अर्धा दुमडून शिवूनच टाकला. बांधणं सोपं झालं. हाच नागोया ओबी, आजही सर्रास वापरतात. जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं त्या 1946 च्या निवडणुकीत याच बाई खासदार झाल्या.