मुतखडा, ताप आणि 2020 चा मे महिना



आपल्या बडोद्याच्या जुन्या घरांच्या आठवणी इथे मी आवडीने वाचते. वाडे, गणपती, सरकारी नोकऱ्या, सगळं येतं. दुखणी मात्र फारशी कुणी लिहीत नाही. आमच्या घरात मुतखडा तीन पिढ्यांचा आहे. घरात मुतखडा, आणि शेजारच्या बांशी बोलताना पथरी! उन्हाळा आला की कुणाची तरी कंबर धरलेली असायचीच. घामाने अंगातलं पाणी जातं, लघवी दाट होते आणि क्षार साचून खडा धरतो.

मामंजींचा खडा 1962 साली काढला. तेव्हा निवड अशी नव्हतीच. बरगडीखालून पोटापर्यंत कापायचं, खडा काढायचा आणि महिनाभर अंथरुणात पडायचं. तो खडा आमच्याकडे फडताळात काचेच्या बाटलीत होता. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे!

पुढे काळ बदलला. 1976 साली स्वीडनमध्ये पाठीत लहानसं भोक पाडून मूत्रपिंडातला खडा काढला गेला. 1980 साली म्युनिकमध्ये न कापता, बाहेरून लहरी सोडून खडा फोडला. आपल्या जवळच नडियादला 1978 पासून मूत्ररोगांचं स्वतंत्र हॉस्पिटल, मुळजीभाई पटेलांच्या नावाचं. बडोद्याहून सकाळची गाडी पकडून लोक दाखवून यायचे. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून लेझरने खडा फोडणं तर आता आपल्या गावातही होतं. म्हणजे आमच्या पिढीला निवड मिळाली: गोळ्या घेऊन वाट बघा, लहरींनी फोडा, नाहीतर दुर्बिणीने काढा.

2020 च्या मार्चमध्ये ह्यांना मूत्रवाहिनीत आठ मिलिमीटरचा खडा निघाला. दुर्बिणीची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून टाळेबंदी. दवाखान्यातून फोन आला, थांबता येण्यासारखी ऑपरेशनं पुढे ढकलली आहेत. रेल्वे बंद, म्हणजे नडियादही लांब झालं. एप्रिलमध्ये नागरवाडा रेड झोन झाला. आम्ही रावपुऱ्यात, म्हणजे हाकेच्या अंतरावर. मुलगा पुण्यात अडकलेला. घरात आम्ही दोघंच, दोघंही साठीच्या पुढचे.

डॉक्टर फोनवर भेटत. त्यांनी नळी सैल करणारी रात्रीची कॅप्सूल दिली, दुखण्याची गोळी दिली आणि स्पष्ट सांगितलं, "पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. आठचा पडेलच असं नाही. दुखलं तर फोन करा. पण थंडी वाजून ताप आला, तर फोनही करू नका, सरळ या."

मी वहीत लिहून घेतलं. आणि तरीही चुकले.

मी कुळथाचं कढण करत होते, बार्लीचं पाणी देत होते. पाणी भरपूर प्यायलेलं चांगलंच, पण कढणाने अडकलेला आठचा खडा उतरत नाही. मेच्या मध्यावर एका संध्याकाळी ह्यांना हुडहुडी भरली. चादरीवर चादर टाकली तरी दात वाजत होते. वही समोर होती. पण त्या दिवसांत ताप म्हणजे दुसरंच काहीतरी. मला वाटलं, ह्यांना एकदा आत नेलं की कोविड वॉर्डात टाकतील, मला भेटू देणार नाहीत. मीच म्हणाले, "सकाळपर्यंत बघू." ती सकाळ गेली, दुपार गेली. खडा अडकलेला असताना ताप येतो तो वर तुंबलेल्या लघवीत जंतू झाल्याचा, आणि ते विष रक्तात जायला वेळ लागत नाही, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या रात्री नेलं. घशात नळी घालून भूल दिली तर विषाणू हवेत उडण्याची भीती, म्हणून कमरेत इंजेक्शन दिलं. खडा काढला नाही. जंतुसंसर्गात खड्याला हात लावत नाहीत, आधी तुंबलेली लघवी मोकळी करतात. डीजे स्टेंट घातला, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी. हे वाचले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. चार आठवड्यांनी खडा आणि नळी दोन्ही काढायला या, असं सांगितलं होतं. ताप गेला, दुखणं गेलं, आणि आम्ही गेलोच नाही. जूनमध्ये म्हटलं, आकडे उतरू देत. सप्टेंबरमध्ये आकडे आणखीच चढले. दिवाळी गेली. 2021 च्या जानेवारीत लघवीतून रक्त आलं तेव्हा गेलो. साधारण तीन महिन्यांच्या आत काढायची नळी आठ महिने आत राहिली होती. तिच्यावरच खडे चढले होते. दोन वेळा दुर्बीण घालून, लेझरने फोडून काढावी लागली.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "त्या काळात पेशंट कमी आले, आणि जे आले ते उशिरा आले." पुढे वाचलं, अनेक देशांतल्या डॉक्टरांनी हेच नोंदवलं आहे.

मामंजींकडे निवड नव्हती, म्हणून चूकही नव्हती. आमच्याकडे होती. साथीने खडा मोठा केला नाही, भीती मोठी केली, आणि आम्ही दवाखान्यापेक्षा दुखणं निवडलं. आजेसासूबाई 1918 च्या मानमोडीच्या गोष्टी सांगायच्या, कोण कोण तापाने गेलं त्याच्या. साथीच्या दिवसांत इतर आजारांनी घरात बसून किती गेले, ते कुणीच मोजलं नसेल, असं आता वाटतं.

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता अशा तारखा लाल पेनाने लिहिलेल्या असतात. नळी कधी घातली, कधी काढायची. तुमच्या घरात कुणाला स्टेंट असेल तर आजच तारीख बघा. आणि खडा असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका.

तुमच्याकडे त्या वर्षी कोणतं दुखणं असं मागे पडलं? लिहा. हाही आपल्या घरांचा इतिहासच आहे.