प्रादेशिक सेना : बोलावणे आल्यावर नोकरी आणि पगार

प्रादेशिक सेना, बोलण्यात ‘टीए’, हे आपापली नोकरी-धंदा सांभाळून लष्करी सेवा देणाऱ्या नागरिकांचे दल आहे. तिचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते दलाचे उद्घाटन झाले. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन पुण्यात (१०१) आणि कोल्हापुरात (१०९) आहेत.

झाशीत हे दल रेल्वेचे होते. शहरातील इलाइट चौराहा ओलांडून स्टेशन गाठणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांपैकी काही जण वर्षातून एकदा वर्दी चढवून कॅम्पला जात. युद्धकाळात लष्कराच्या गाड्या चालत्या ठेवायच्या, हे त्यांचे काम. रेल्वेच्या अशा सहा रेजिमेंटपैकी जमालपूरची तेवढी ठेवून झाशीसह पाच बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला.

बोलावणे आले की घरचा पहिला प्रश्न पगाराचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची मूळ जागा कायम राहते आणि मुलकी वेतनाला संरक्षण मिळते. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याचा रेल्वेतला पगार ५० हजार आणि लष्करी वेतन ४२ हजार रुपये आहे, तर त्याला ८ हजारांची झळ बसत नाही.

खासगी नोकरदाराची बाजू मात्र लंगडी आहे. कायद्याचे कलम ७-अ सांगते, की सेवा संपल्यावर मालकाने त्याला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत घ्यावे. बोलावण्याआधीच कामावरून काढून ही जबाबदारी टाळता येत नाही. कलम ७-ब भविष्य निर्वाह निधीचे हक्क अबाधित ठेवते. पण मधल्या काळातली पगाराची तूट मालकाने भरावी, असे कायदा म्हणत नाही. परत न घेतल्यास भरपाई जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी. परत घेण्याचा किंवा भरपाईचा आदेश मोडल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंत. आजच्या काळात हा दंड कोणत्याही कंपनीला जड नाही.

अमेरिकेतही १९९४ चा कायदा नोकरी राखतो, खासगी मालकावर पगाराची सक्ती करत नाही. संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना वेतनातील फरक मिळतो. राष्ट्रीय आणीबाणीच्या काळात बोलावलेल्यांचा हा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये उचलून धरला.

त्यानंतर काही दिवसांतच, ६ मे २०२५ च्या अधिसूचनेने भारताच्या लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेला बोलावण्याचे अधिकार मिळाले. ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करण्याची त्यात तरतूद होती. दंडाची रक्कम वाढवणे आणि खासगी नोकरदारांच्या वेतनातील फरक सरकारने भरणे, या दोन दुरुस्त्या आता व्हायलाच हव्यात.