जमिनीखालचा इतिहास

संपादक मंडळाने सांगितलं, "तुम्ही सुरुवातीपासूनचे सभासद, सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा." गणपती, कोजागरी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्टचा वाद यांवर इतरांनी लिहिलं असेलच. मी लिहितो आहे आपल्या ड्रेनेज लाइनवर. काहीजण नाक मुरडतील. पण पंचवीस वर्षांत आपण सगळ्यांत जास्त भांडलो ते हिच्यावरूनच.

१९९९ साली सोसायटीची नोंदणी झाली. बिल्डरकडून इमारतीचे नकाशे मिळाले, ड्रेनेजचा मात्र मिळाला नाही. एवढं माहीत होतं की ब विंगच्या मागून निघालेली लाइन अ विंगला वळसा घालून रस्त्यावरच्या महापालिकेच्या लाइनला मिळते आणि वाटेत पाच चेंबर आहेत. पाइप सहा इंची, चिनी मातीचे, दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटने सांधलेले.

चेंबर ही गोष्ट आपल्या पुण्याला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणलं, तेव्हा त्या भुयारी नळावर ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले होते. ते पिण्याचं पाणी, आपलं सांडपाणी. पण तत्त्व एकच. जमिनीखालून काही न्यायचं तर मधून मधून डोकावायला जागा ठेवायची. आपल्याकडे डोकावायच्या जागा पाच होत्या, डोकावणारा मात्र एकच.

लाइन तुंबली की एक सफाई कामगार यायचा. बांबूच्या लांब कामट्या घेऊन तो तीन नंबरच्या चेंबरमध्ये छातीपर्यंत उतरायचा. आम्ही कमिटीवाले नाकाला रुमाल लावून लांब उभे. २००८ च्या पावसाळ्यात वर आला तेव्हा त्याला चक्कर आली. गटारातला वायू सडक्या अंड्यासारखा वास देतो. पण प्रमाण फार वाढलं की नाकाला तो वासच येईनासा होतो, आणि माणूस बेसावध राहतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला पाणी दिलं, पैसे दिले आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं.

तो दरवेळी एक वाक्य बोलायचा, "साहेब, कामटी रोज त्याच जागी अडकते. लाइनमध्येच काहीतरी आहे." मी तेव्हा सचिव होतो. सभेची इतिवृत्तं माझ्याच अक्षरात आहेत. हे वाक्य त्यांत कुठेही नाही.

कारण आम्हाला दोषी आधीच सापडला होता. अ विंगच्या तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहायचे, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पाणी नेहमी त्यांच्याच न्हाणीघरातून उलटं यायचं, म्हणून खरकटं, चिंध्या तेच टाकत असणार असं ठरलं. खरं तर तुंबलेलं पाणी सगळ्यांत खालच्या तोंडातून बाहेर येतं, मग अडथळा कोणाच्याही घाणीने झालेला असो. चार मजल्यांचं पाणी त्यांच्या घरात शिरत होतं आणि नोटीसही त्यांनाच मिळाली. २००६ ची ती नोटीस फाइलला आहे. साफसफाईचे साडेतीन हजार रुपये त्यांच्याकडून वसूल करण्याची. सही माझी. गुरुजींनी पैसे भरले, पावती मागितली, वाद घातला नाही. २०१० मध्ये फ्लॅट विकून ते मुलीकडे नाशिकला गेले. लाइन तुंबायची थांबली नाही. तरीही कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे २०१३ चा कायदा आला. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ती बातमी वाचून मला २००८ चा पावसाळा आठवला. कमिटीत मी म्हटलं, आता माणूस उतरवायचा नाही. मग काय करायचं, यावर तीन वर्षं चर्चा चालली!

शेवटी २०१७ च्या मे महिन्यात कॅमेरा आला. आधी जेटिंगच्या गाडीने लाइन धुतली. मग लांब, ताठ केबलच्या टोकाला बसवलेला मुठीएवढा कॅमेरा तीन नंबरमधून चार नंबरकडे सोडला. भोवती दिवे, आणि किती मीटर आत गेला त्याचा आकडा पडद्यावर. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून आम्ही मॅच बघावी तसे बसलो होतो.

चार मीटरवर सांध्यातून केसांसारखी मुळं लोंबताना दिसली. थोडं पुढे कॅमेरा पाण्यात बुडाला आणि दीड मीटरभर बुडालेलाच राहिला. ऑपरेटर म्हणाला, "इथे पाइप खाली बसलाय. भराव नीट दाबलेला नाही." सहा इंची लाइनला साठ फुटांना एक फूट उतार हवा, असा जुना हिशोब आहे. आपल्याकडे तिथे उताराऐवजी खड्डा होता. मैला त्यात साचायचा, मुळं त्याला धरून ठेवायची. कामटी अडकायची ती जागा हीच.

दुसरा माणूस हातातलं यंत्र घेऊन वरून कॅमेऱ्याचा माग काढत होता. तो थांबला आणि जमिनीवर खडूने फुली मारली. उंबराच्या पाराला लागून. तो उंबर ५ जून २००० ला, आपल्या पहिल्या पर्यावरण दिनाला लावलेला. खड्डा मीच खणला होता, खाली लाइन आहे की नाही हे न विचारता.

उंबर तोडावा असं काहींचं मत होतं. अखेर नवी पीव्हीसी लाइन झाडापासून तीन मीटर दूर, नीट उतार देऊन टाकायचं ठरलं. त्याच सभेत मी गुरुजींचे पैसे परत करण्याचा ठराव मांडला. एकमताने मंजूर झाला. चेकसोबत माफीचं पत्र मीच लिहिलं. आठवड्याने त्यांचा फोन आला. पैशांबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "उंबर तोडला नाहीत ना? त्याला पाणी मी घालायचो."

सफाई कामगाराला मात्र मला काही कळवता आलं नाही. पंचवीस वर्षांत त्याचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसाचं चित्रीकरण आणि लाइनचा नकाशा ऑफिसच्या कपाटात, वरच्या खणात आहे. नव्या सभासदांनी एकदा जरूर बघावा. आणि पुढे कधी काही तुंबलं, तर नोटीस लिहिण्याआधी कृपया झाकण उघडून बघावं.

– एक माजी सचिव