साखरेच्या भांड्यावरचा मजकूर

परवा चहा करताना साखरेची नवी पिशवी फोडली आणि सवयीप्रमाणे मागचा मजकूर वाचत बसलो. वजन, किंमत, बॅच नंबर, कारखान्याचं नाव, सगळं होतं. ऊस कोणी तोडला ते अर्थातच नव्हतं. पण दोनशे वर्षांपूर्वी साखरेच्या भांड्यावर साधारण हेच लिहिलेलं असायचं, असं सांगितलं तर पटेल का?

गोष्ट इंग्लंडची आहे. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचं विधेयक तिथल्या संसदेत पडलं. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या माणसाने एक पत्रक काढलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या कष्टातून येते, ती विकत घेणारा त्या पापात वाटेकरी होतो, तेव्हा ती खाऊ नका. थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे तीनेक लाख लोकांनी साखर सोडली. पुढे १८२० च्या दशकात तिकडे साखरेची खास भांडी मिळू लागली. ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी बनवलेली नाही, असं त्यांच्यावर छापलेलं असे. ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्याकडची! इथल्या मजुराचं तेव्हा सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. पण माल पुरवणारा आपल्या माणसांना कसं वागवतो, हे गिऱ्हाइकाने विचारायची जुनी सुरुवात साखरेपासून झाली, आणि त्या हिशेबात आपण चांगल्या रकान्यात होतो.

आता कृष्णाकाठी येऊ. माझं गाव वाळवा तालुक्यात. १९४२ ते १९४६ या काळात, वाळवा तालुका अजून सातारा जिल्ह्यातच होता तेव्हा, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इथे गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकारांना चाप लावला. आमच्या आजोबांच्या पिढीला त्याचा केवढा अभिमान! स्वातंत्र्यानंतर याच मातीत सहकारी कारखाने उभे राहिले. सांगलीत वसंतदादांचा, रेठऱ्याला कृष्णा, साखराळ्याला राजारामबापूंचा. वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी उभारलेल्या कारखान्याला तर चळवळीत हुतात्मा झालेल्या किसन अहिरांचं नाव आहे. शेतकरी सभासद झाला, म्हणजे कारखान्याचा मालक झाला. ही क्रांतीच होती, यात वाद नाही.

पण मालकाचा ऊस तोडायचा कोणी?

दिवाळीच्या सुमारास टोळ्या यायच्या, अजूनही येतात. बीडकडून, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कोरड्या जतमधूनही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हिशेबात दोन माणसं नसतात, एक कोयता असतो. हंगामाआधी मुकादम त्यांना उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ते बांधलेले. एखादा दिवस आजारपणात गेला तर खाडा. पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात. जानेवारी २०२४ मध्ये लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, तेव्हा तो टनाला ३६६ रुपये झाला. तोडायचं, साळायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीत भरायची, या सगळ्याचे मिळून हे ३६६.

लहानपणी आमच्या रानाकडेला त्यांच्या कोपी पडायच्या. पहाटे चारला कोयत्यांचा आवाज सुरू व्हायचा. आजी त्यांना ताक द्यायची, त्यांच्याकडून जनावरांसाठी वाढे घ्यायची. आपण फार चांगले लोक आहोत असं मला वाटायचं. माझ्याच वयाची एक मुलगी दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाचटात बसलेली असायची. ही शाळेत का येत नाही, असं मी वडिलांना विचारलं.

"ती कारखान्याची माणसं आहेत, बाळा."

पुढे मोठेपणी कळलं की कारखाना म्हणतो, ती मुकादमाची माणसं. आणि मुकादम म्हणतो, माझं काय, मी पैसे दिलेत, ते वसूल करायचेत.

कायदाही असाच बाजूने निघून गेला. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली कायदा आला खरा, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडचा माणूस कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला तर त्यात बसायचा, सांगलीला आला तर नाही!

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हेही एक कारण पुढे आलं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी हाच धागा थेट कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत नेला, कारण महाराष्ट्रातली साखर त्यांच्याकडे जाते. अशा कंपन्यांची पुरवठादारांसाठी नियमावली असते. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, सगळं लिहिलेलं असतं. पण तपासणीची वही बऱ्याचदा कारखान्याच्या गेटपाशी थांबते, आणि कोयता चालतो तो शेतात.

त्या शेताचा मालक मी आहे, ही खरी अडचण.

आमचीही गाऱ्हाणी आहेत. तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच बिलातून कापला जातो. तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला वर 'खुशाली' द्यावी लागते. उचल घेऊन मुकादम पसार झाल्यामुळे बुडालेले ट्रॅक्टरवाले आमच्या गावातही आहेत. हे सगळं खरं आहे. पण आजोबांनी ज्या सावकारीविरुद्ध चळवळ पाहिली, ती उचल या नावाने आमच्याच बांधावर राहायला आली आणि आम्ही तिला ताक देत बसलो, हेही तितकंच खरं आहे.

आता कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ झालं आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. चांगलंच आहे. पण वार्षिक सभेत दराचा प्रश्न सगळेच विचारतात, मीही विचारत आलोय. टोळीला पाणी, संडास आहे का, खाडा कोण लावतो, पोरं शाळेत जातात का, हे मी एकदाही विचारलेलं नाही. लंडनच्या कुठल्याशा गृहिणीला १७९१ मध्ये सात समुद्रांपलीकडचं सुचलं होतं, मला बांधापलीकडचं सुचलं नाही.

यंदाच्या सभेत विचारणार आहे. लोक हसतील बहुतेक. हसू देत.